सर्वानुमते रुग्ण

"शर्ट राहू द्या, टाय तेवढा काढा," डॉ. होटगीकर म्हणाले. "पेशंट टाय घालून कुठं येतो ओ?"

मी टाय काढला. निळ्या टायवर पिवळ्या गोळ्यांची नक्षी होती. तो कंपनीचा होता, आणि तसं पाहिलं तर मीही कंपनीचाच होतो. एका औषध कंपनीचा सोलापूरचा प्रतिनिधी. आमची खपाची गोळी फिटवरची. त्यामुळे फिट आणि मेंदूचा आलेख या विषयावर डॉक्टरांसाठी भरलेल्या त्या दिवसभराच्या कार्यशाळेत बॅनर बांधण्यापासून ड्रायव्हरांची जेवणं बघण्यापर्यंत सगळं माझ्याकडे होतं. पेशंट होणं तेवढं राहिलं होतं.

कार्यशाळा एका हॉटेलच्या दरबार हॉलमध्ये होती. एरवी तिथे लग्नं लागतात. डॉक्टरांचं ज्ञान ताजं राहावं म्हणून असा नियम आहे, की ठरावीक गुण मिळवल्याशिवाय त्यांची नोंदणी पुढे चालू राहत नाही. गुण अशा ठिकाणी बसल्याबद्दल मिळतात. समजलं का, हे कुणी विचारत नाही. सकाळपासून शहरातले आणि तालुक्यातले डॉक्टर बसले होते, अत्यंत चिकाटीने बसले होते, आणि जेवणानंतर तर काही जण नुसते बसले नव्हते, घोरतही होते.

दुपारच्या सत्रात थेट प्रात्यक्षिक होतं. शेजारच्या खोलीत पेशंटच्या डोक्याला तारा लावायच्या, त्याचा चेहरा आणि मेंदूच्या लाटा हॉलमधल्या पडद्यावर शेजारी शेजारी दाखवायच्या, आणि मुंबईहून आलेले डॉ. अच्युत रांगणेकर त्या वाचणार. ठरलेला पेशंट यंत्रमागावर काम करणारा होता. तो हॉलच्या दारापर्यंत आला. आत एवढे लोक बसलेत आणि आपलं तोंड भिंतीएवढं दिसणार आहे हे कळल्यावर 'लघवीला जाऊन येतो' म्हणाला, आणि घरी गेला. अख्ख्या दिवसात त्या इमारतीत शहाण्यासारखं वागलेला तो एकटा माणूस.

"मी रांगणेकर सरांना सांगतो की ओ," होटगीकर म्हणाले. ते आमच्या शहरातले मेंदूचे डॉक्टर आणि कार्यशाळेचे यजमान. "पेशंट पळाला, हा नॉर्मल माणूस आहे, नुसतं तारा कशा लावायच्या ते दाखवतोय. तुम्ही गप पडून राहायचं. तुमचं काय जातंय, मंद्रूपकर?"

माझं काय जाणार होतं ते तिसऱ्या रांगेत बसलं होतं. डॉ. अनगरकर, साखर पेठेतले जनरल प्रॅक्टिशनर, माझे होणारे सासरे. पुढच्या रविवारी त्यांच्या केतकीशी माझा साखरपुडा होता. होटगीकर आणि ते एकाच क्लबात पत्ते खेळायचे. जावई म्हणून पहिलीच तक्रार 'मदत करत नाही' अशी जायला नको, म्हणून मी आडवा झालो.

शेजारची खोली म्हणजे नवरीच्या तयारीची खोली. आरशाभोवती दिवे, काचेवर कुठल्या कुठल्या नववधूंनी काढून चिकटवलेल्या टिकल्या. होटगीकरांच्या माणसाने माझ्या केसांत थंडगार जेली थापली आणि तारा चिकटवल्या. मी पहाटेपासून उभा होतो, जेवणात शेंगाची पोळी झाली होती, एसी जोरात होता. तारा लावून झाल्या तेव्हा मला डुलकी लागली होती.

इथे एक सांगायला हवं. रांगणेकर सरांचं सकाळचं व्याख्यान मी आमच्या स्टॉलजवळ उभा राहून ऐकलं होतं. विषय होता, आलेख वाचताना डॉक्टर करतात ती सगळ्यात मोठी चूक. डुलकी लागलेल्या निरोगी माणसाच्या कानशिलापाशी काही टोकदार लाटा उमटतात. त्या फिटच्या लाटांसारख्या दिसतात, पण त्या झोपेच्या असतात. त्यांना फसून डॉक्टरांनी कितीतरी धडधाकट माणसांना आयुष्यभराच्या गोळ्या चालू केल्यात. "आधी माणूस बघा, मग कागद बघा," असं ते म्हणाले होते. टाळ्या पडल्या होत्या. बऱ्याच जणांनी ते वाक्य आमच्या पेनांनी आमच्या पॅडवर उतरवून घेतलं होतं.

मला जाग आली ती टाळ्यांनीच.

भिंतीवरच्या स्पीकरमधून रांगणेकरांचा आवाज येत होता. मोठा गोड आवाज. "...उजवं कानशील. मित्रांनो, हे पाठ्यपुस्तकातलं चित्र आहे. असा आलेख मिळायला नशीब लागतं."

मला वाटलं, पळालेला पेशंट सापडला. बरं झालं.

"चेहरा बघा. झोपेतसुद्धा एक प्रकारचा रिकामेपणा आहे. आता आपल्या यजमानांनी दिलेली माहिती या चेहऱ्याशी जुळवा. लहानपणापासून फिट. शिक्षण चौथी. तंबाखूचं व्यसन. पत्नी माहेरी."

हॉलमधून हळहळ ऐकू आली. मी उठून बसलो.

"आणि हे बघा! जाग आली, पण आपण कुठे आहोत ते त्याला उमगत नाहीये. किती बोलका क्षण आहे हा!"

मला ते खरोखरच उमगत नव्हतं. या एका मुद्द्यावर सरांचं निदान अचूक होतं.

"अशी माणसं चिवट असतात," स्पीकर सांगत होता. "एकच मुद्दा पुन्हा पुन्हा मांडतात. बोलायला लागली की सोडत नाहीत. आणि मुख्य म्हणजे, आजार मान्यच करत नाहीत. अशा वेळी चिडू नका. ऐकून घ्या. मान हलवा."

मी तारा उपटल्या आणि जेली भरल्या केसांनी बाहेर आलो. होटगीकर पॅसेजमध्ये उभे होते. मला अडवायलाच उभे होते.

"सर, तुम्ही त्यांना सांगितलं नाही?"

"सांगणारच होतो ओ. पण त्या पळपुट्याची स्लाइड पडद्यावर राहिली, सरांनी वाचायला घेतली. आता सरांनी वाचायला घेतल्यावर सरांना थांबवायचं कसं?"

"मग आता सांगा."

"आता? टाळ्या झाल्यावर?" माझ्या अडाणीपणाचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. "मंद्रूपकर, पुढच्या वर्षीची राज्य परिषद सोलापूरला आणायचीय. कुठं भरवायची ते सर ठरवणार. आणि मी आत जाऊन सांगू, सर, तुम्ही सकाळी जी चूक करू नका म्हणालात तीच दुपारी केलीत?"

"पण तिथे सगळ्यांनी मला बघितलंय!"

"बघू द्या. तुम्हाला खरी फिट आहे का? नाही ना? मग झालं तर."

मी त्यांच्या हाताखालून आत शिरलो. हॉलमध्ये प्रश्नोत्तरं चालू झाली होती. माइक घेऊन फिरणारा पोरगा आमच्याच कंपनीचा होता, त्याने सवयीने माइक माझ्या हातात दिला.

"सर," मी म्हणालो, "मी पेशंट नाही. मी या कार्यक्रमाच्या प्रायोजक कंपनीचा प्रतिनिधी. मला आयुष्यात कधी फिट आलेली नाही."

या हॉलमधल्या निम्म्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मी दर महिन्याला बॅग घेऊन बसायचो. माझं नाव त्यांना पाठ होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी रांगणेकरांकडे बघितलं.

रांगणेकर हसले. फार मायेने हसले. "मित्रांनो, मी काय म्हणालो होतो?"

माना हलल्या. कुणीतरी लिहूनही घेतलं.

"सर, मला फक्त डुलकी लागली होती. तुम्हीच सकाळी सांगितलंत, डुलकीत कानशिलापाशी लाटा येतात, त्या फिटच्या नसतात. आधी माणूस बघा, असं तुम्ही म्हणालात."

"आपल्या आजाराबद्दल मिळेल ते ऐकायचं, वाचायचं, आणि त्यातून सोयीचं तेवढं उचलायचं," रांगणेकर सगळ्या हॉलला म्हणाले. "हेही नोंदवून ठेवा. फार हुशार असतात ही माणसं. चौथी शिकलाय, पण बघा किती शुद्ध बोलतो."

"मी बी.एस्सी. आहे!"

"हो, हो," सर म्हणाले, आणि मान हलवली. मग सगळ्या हॉलने मान हलवली. त्या दिवशी जे शिकवलं गेलं त्यातलं एवढंच त्यांनी लगेच अमलात आणलं.

मागून कुणीतरी विचारलं, "सर, याला औषध कुठलं द्याल?" सरांनी आमच्याच गोळीचं नाव घेतलं. बॅनरवर ते सरांच्या डोक्याच्या दीडपट मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं.

चहाच्या टेबलापाशी अनगरकर डॉक्टरांनी मला गाठलं. सकाळी आल्या आल्या त्यांनी मला 'नंदकिशोरराव' म्हणून हाक मारली होती, आणि दोन डॉक्टरांना 'हे आमचे' असं अर्धं सांगून मिशीत हसले होते.

"मंद्रूपकर," ते आता म्हणाले.

"डॉक्टर, तुम्ही तरी—"

"तुम्ही आम्हाला अंधारात ठेवलंत."

"मला फिट येत नाही."

"फिटचा माणूस लग्नाला उभा राहतो आणि मुलीकडच्यांना सांगत नाही, ही फसवणूक आहे. मुलीच्या जन्माचा प्रश्न असतो. पोटात गोष्ट ठेवून समोरच्याच्या घरचा चहा कसा पिववतो माणसाला, हेच मला कळत नाही." एवढी नैतिक चीड मी त्याआधी फक्त नाटकात बघितली होती. "आणि बायको माहेरी आहे म्हणे तुमची!"

"ती यंत्रमागवाल्याची!"

"कोणाची?"

"म्हणजे ती स्लाइड दुसऱ्या माणसाची होती. डॉक्टर, चार वर्षं मी तुमच्या दवाखान्यात येतोय. तास तास बाकावर बसतोय. कधी मला काही झालेलं बघितलंत?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मला वाटलं, पोचलं.

"गोळी घेत असणार," ते म्हणाले. "तुम्हाला तर घरचीच आहे."

त्यांनी हातातली चहाची बशी खाली ठेवली, पाचचं सत्र संपल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नव्हतं म्हणून परत आत जाऊन बसले, आणि जाताना म्हणाले, "रविवारचं रद्द समजा."

रांगणेकर सर हॉटेलच्या लॉबीत गाडीची वाट बघत होते. मांडीवर सत्काराची शाल, पायाशी शेंगाचटणी आणि कडक भाकरीचं खोकं. मी समोर जाऊन उभा राहिलो. केस वाळून जेलीचे काटे झाले होते.

"सर, मला डुलकी लागली होती."

"ठाऊक आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"दुसऱ्या पानावर माझ्या लक्षात आलं. झोपेच्या लाटा आहेत. सकाळीच मी बोललो त्यावर."

"मग सर, तुम्ही हॉलमध्ये—"

"पहिल्या पानावर बोलून झालं होतं ना." त्यांनी शालीची घडी नीट केली. "बसा. तुम्हाला काय हवंय?"

"दोन ओळी लिहून द्या. मी निरोगी आहे एवढंच. माझं लग्न मोडतंय."

"निरोगी असं लिहिता येत नाही हो. या माणसाला कधीच फिट आली नाही, हे कुठला आलेख सांगणार?" त्यांनी विचार केला. माझ्याबद्दल त्यांना खरंच वाईट वाटत असावं, कारण त्यांनी मला तोडगा सांगितला. "बरा झाला, असं मात्र लिहिता येतं. दोन वर्षं गोळी घ्या. मुंबईला येऊन मला दाखवत जा. मी स्वच्छ लिहून देतो, पूर्ण बरा. माझ्या सहीवर लोक मुली देतात."

"पण सर, मला काही झालेलंच नाहीये."

"म्हणून तर हमखास बरे व्हाल," ते म्हणाले, आणि गाडी आली तसे उठले. खोकं मीच डिकीत ठेवलं. सवय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केतकीचा फोन आला. पार्क चौकातल्या रसपानगृहात या, म्हणाली. ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. याआधी आम्ही तीनदा भेटलो होतो, आणि तिन्ही वेळा ती परीक्षेला बसल्यासारखी बोलली होती: विचारलं तेवढंच उत्तर. मी नकार ऐकायची तयारी करून गेलो.

ती आधीच येऊन बसली होती. तिने दोन फालुदे मागवले होते आणि ती चक्क गुणगुणत होती.

"बाबांनी सगळं सांगितलं," ती म्हणाली. "तुम्हाला आधी कळतं का हो?"

"काय?"

"येणार आहे ते. काहींना पोटातून वर काहीतरी चढल्यासारखं वाटतं. काहींना जिभेवर चव येते. मला रबर जळल्यासारखा वास येतो. मग मी आपली खाली बसून घेते."

माझा चमचा ग्लासातच राहिला.

"तुम्हाला?"

"आठवीपासून. आता बऱ्याच दिवसांत नाही आली. गोळी तुमच्याच कंपनीची घेते. बाबा पाकिटातून काढून व्हिटॅमिनच्या जुन्या बाटलीत भरून देतात, कामवालीला दिसायला नको म्हणून. लग्नानंतर तुम्ही विचारलंत तर काय सांगायचं तेही ठरलंय. केस गळतात म्हणून घेते."

"काल ते मला म्हणाले, तुम्ही आम्हाला अंधारात ठेवलंत."

"घरी पण म्हणाले. येरझाऱ्या घालत म्हणत होते. आई खाली मान घालून मेथी निवडत होती. मी आत गेले, तोंडात ओढणी कोंबली आणि पोट दुखेपर्यंत हसले." ती आत्ताही हसत होती. "मी तुम्हाला सांगणारच होते. पण त्यांनी आईची शपथ घातलेली. काल कळलं तेव्हा इतकं हलकं वाटलं मला. म्हटलं, सुटलो! एका माणसापासून तरी लपवायला नको. दोघांच्या गोळ्या एका डब्यात ठेवू, जेवणाच्या टेबलावर, मिठाशेजारी."

आता मला तिला सांगायचं होतं. आदल्या दिवशी हेच वाक्य मी कितीतरी लोकांना ओरडून सांगितलं होतं, तेव्हा जिभेला एवढं जड गेलं नव्हतं.

"केतकी, मला फिट येत नाही."

"सुरुवातीला मीही असंच म्हणायचे."

मग मी तिला सगळं सांगितलं. यंत्रमागवाला, शेंगाची पोळी, डुलकी, दुसरं पान, शाल. ती ऐकत गेली, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिला पटलंय.

"म्हणजे तुम्हाला काहीच नाही," ती म्हणाली. आपण कुणाच्या घरी दुःखात भेटायला गेल्यावर जो आवाज काढतो त्या आवाजात.

"नाही. सॉरी."

मी निरोगी आहे यावर विश्वास ठेवणारं ते पहिलं माणूस, आणि नेमका त्याच माणसाचा चेहरा पडला होता.

"मग तुम्ही आता नकोच म्हणणार," ती म्हणाली. "धडधाकट माणूस फिटच्या मुलीशी कशाला लग्न करेल?"

"मी धडधाकट आहे हे गावात तुमच्याशिवाय कुणाला माहितीये?"

तिला हसायचं नव्हतं, पण ती हसली. मग फालुदा ढवळत राहिली. "माझी एकच अट आहे. लपवायचं नाही. कुणी विचारलं तर मी सांगणार, मला येते. मला आता त्या बाटलीचा कंटाळा आलाय."

"कबूल," मी म्हणालो. तिथून उठून आम्ही दोघं तिच्या वडिलांकडे गेलो.

अनगरकर दवाखान्यातून नुकतेच येऊन टेकले होते. मला बघून उभे राहिले.

"डॉक्टर," मी म्हणालो, "रांगणेकर सर म्हणतात म्हणजे मला फिट आहे. तुम्ही सगळ्यांनी मान हलवलीत, तेव्हा तो विषय संपला. आता तुमच्या घरातलं सांगा."

त्यांनी केतकीकडे बघितलं. केतकीने त्यांच्याकडे बघितलं. आतल्या खोलीत तिच्या आईच्या हातातली परात खाली ठेवल्याचा आवाज आला. एवढंच.

त्यानंतर त्या माणसाने जे केलं ते मी डोळ्यांनी बघितलं नसतं तर विश्वास ठेवला नसता. ते ओशाळले नाहीत. रागावले नाहीत. खुर्चीत बसले, चष्मा पुसला, आणि चष्मा पुसून होईपर्यंत समाजसुधारक झाले.

"बसा, नंदकिशोरराव," ते म्हणाले. "कालची कार्यशाळा फार उद्बोधक झाली. मीही खूप विचार केला. फिट म्हणजे काय? मेंदूत थोडी वीज चमकते. त्याचा एवढा बाऊ कशाला? औषध घेऊन माणसं संसार करतात, नोकऱ्या करतात. समाजाची दृष्टी बदलायला पाहिजे. आणि सुरुवात आपण डॉक्टर लोकांनी नाही करायची तर कुणी?"

"म्हणजे रविवारचं?"

"रविवारचं ठरल्याप्रमाणे! फक्त एक." त्यांनी आवाज खाली आणला. "केतकीचं बाहेर जायला नको. तुमचं तसंही सगळ्यांना कळलेलंच आहे. एका घरात एक पुरे."

"मी सांगणार, बाबा," केतकी म्हणाली. "जो विचारेल त्याला."

"तुला कोण विचारणार आहे?" अनगरकर म्हणाले. माणूस कसाही असला तरी त्याला गावाची नाडी कळत होती.

रविवारी साखरपुडा झाला. अर्धा हॉल डॉक्टरांनीच भरला होता. मला सगळ्यांनी भिंतीला टेकून बसवलं. सरबताचा पेला माझ्यापर्यंत आला तो अर्धा भरलेला होता, सांडायला नको म्हणून. माझी आई गावाहून आली होती. तिला मी सगळं समजावून सांगितलं होतं. पण चार डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन धीर दिला, आणि थोड्या वेळाने तीच माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "नंदू, लहानपणी तापात तू एकदा डोळे फिरवले होतेस रे. आम्हीच लक्ष दिलं नाही."

होटगीकरांनी माइक हातात घेतला. माइक बघितला की त्यांना राहवत नसे. "डॉ. अनगरकरांनी आज आपल्यासमोर आदर्श घालून दिलाय," ते म्हणाले. "नुसती भाषणं देणारे पुष्कळ. पोटची मुलगी फिटच्या रुग्णाला देणारा बाप आज मी बघतोय!" अनगरकर खाली मान घालून उभे राहिले. कुणीतरी त्यांच्या खांद्यावर शाल घातली. शाल तयार होती, म्हणजे हे आधीच ठरलं असणार.

केतकी माझ्या शेजारून उठली. नव्या शालूत तिला चालता येत नव्हतं, तरी ती गेली आणि तिने होटगीकरांच्या हातातून माइक घेतला.

"एक मिनिट," ती म्हणाली. वर्गात बोलतात तसा खणखणीत आवाज. "नंदकिशोरना फिट येत नाही. मला येते. आठवीपासून. गोळी मी घेते. हे सगळ्यांना माहीत असावं म्हणून सांगतेय."

मी अनगरकरांकडे बघत होतो. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, मग त्यांनी समोरच्या लोकांकडे नजर फिरवली, आणि रंग हळूहळू परत आला.

पुढच्या रांगेतून केतकीच्या मोठ्या मावशींनी डोळ्याला पदर लावला. "बघितलंत का? अजून लग्न लागलं नाही, तर पोरीनं नवऱ्याचं दुखणं अंगावर घेतलं!"

"अगं मावशी, खरंच मला—"

"असू दे गं बाळ. कळतंय आम्हाला."

मग टाळ्या सुरू झाल्या. पहिली टाळी कुणाची होती ते मी नीट बघितलं. अनगरकरांची. होटगीकर माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "पेशंटच्या नातेवाइकांत होतं असं कधी कधी. मनाला लावून घेऊ नका." केतकी माइक धरून उभी होती, तोंड उघडं. बायका एकेक करून येत होत्या आणि तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडत होत्या.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. मी ती नोकरी सोडली, औषधांचं नाव काढत नाही. राज्य परिषद सोलापूरला झाली. तिथे रांगणेकर सरांनी माझा आलेख पुन्हा दाखवला म्हणे, औषधाने पूर्ण बरा झालेला रुग्ण म्हणून. केतकी अजून सांगते. शाळेत सांगते, सोसायटीत सांगते, गोळ्यांचा डबा जेवणाच्या टेबलावर मिठाशेजारी ठेवते. लोक ऐकून घेतात आणि मान हलवतात.

मागच्या हिवाळ्यात मंडईत तिला फिट आली. बऱ्याच वर्षांनी आली. 'वास येतोय' म्हणाली आणि वांग्यांच्या ढिगाशेजारी खाली बसली. मी तिला कुशीवर वळवलं, भाजीची पिशवी डोक्याखाली सरकवली आणि बाजूला बसून राहिलो. थांबायचं असतं, दुसरं काही करायचं नसतं. तेवढ्यात गर्दी जमली. त्यातून अनगरकरांचा एक जुना पेशंट पुढे घुसला, त्याने आम्हाला ओळखलं, आणि मला दोन्ही खांद्यांना धरून मागे ओढलं.

"सरका, सरका, साहेबांना वारा येऊ द्या!" तो ओरडला. "यांना फिटचा त्रास आहे!"

आणि कुणीतरी गाडीवरचा कांदा फोडून माझ्या नाकाशी धरला.